आंद्रेआ पोत्सो व चित्रांतील आभासाचा प्रश्न

१. प्रश्नाचें स्वरूप

युरोपांतील ज्या कलाशैलीस बरोक असें नांव पडलें आहे, तिचा काळ स्थूलमानानें इ. स. १६०० ते १७५० असा धरतात. आपल्याकडे या शैलीची ओळख बहुधा जुन्या गोव्यांतील चर्चांच्या वेदी पाहून होते. आणि सोन्याचा मुलामा, पिळाचे खांब व ढगांतून डोकावणारीं पंखांचीं मुलें यांपलीकडे तिच्यांत कांहीं विचार असेल, अशी शंकाही पाहणाराच्या मनांत येत नाहीं. यांत पाहणाराचा फारसा दोष नाहीं. खुद्द युरोपांतील जाणत्यांनींही या शैलीकडे दीर्घकाळ याच नजरेनें पाहिलें. याकोब बुर्कहार्ट यानें १८५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इटलीच्या कलाविषयक ग्रंथांत ती आधींच्या युगाच्या शुद्ध भाषेची रानवट झालेली बोली आहे, अशा अर्थाचा निवाडा दिला. हाइनरिख व्यॉल्फलिन यानें १८८८ मध्यें तिचा स्वतंत्रपणें विचार आरंभिला, तेव्हां कोठें हा निवाडा फेरतपासणीस निघाला.

या वादांत जेझुइट संघाचा बंधु आंद्रेआ पोत्सो यास बरेंच दूषण सोसावें लागलें. ज्यास वास्तुशास्त्र उलटें शिकावयाचें असेल त्यानें याच्याकडे जावें, असा टोमणा अठराव्या शतकांतील टीकाकार फ्रांचेस्को मिलित्सिया यानें मारला आहे. दूषणाचें मूळ असें कीं, पोत्सोनें सपाट पटावर घुमट काढला, बंद छतावर उघडें आकाश काढलें, आणि जें नाहीं तें आहे असें लोकांच्या डोळ्यांस भासविलें. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो: चित्रकारानें प्रेक्षकाच्या डोळ्यांस चकवावें काय? आणि तेंही देवाच्या घरांत, जेथें सत्याचीच ग्वाही द्यावयाची तेथें, करावें काय? हा प्रश्न एकट्या पोत्सोचा नाहीं; आमच्या साहित्यशास्त्रांतही तो हजार वर्षांपूर्वीं उपस्थित झालेला आहे. म्हणून त्याचा विचार या ठिकाणीं करण्याचें योजिलें आहे.

२. चरित्र

पोत्सोचा जन्म उत्तर इटलींतील त्रेंतो शहरीं ३० नोव्हेंबर १६४२ रोजीं झाला. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत हें शहर प्रसिद्ध आहे. कारण प्रॉटेस्टंट बंडास उत्तर देण्यासाठीं कॅथलिक पंथानें भरविलेली मोठी परिषद १५४५ पासून १५६३ पर्यंत, मध्यें खंड पडत, मुख्यतः येथेंच चालली. तिच्या शेवटच्या बैठकींत मूर्ति व चित्रें यांविषयींही निर्णय झाला. त्यांनीं अशिक्षित भाविकांस धर्म शिकवावा व त्यांची भक्ति जागवावी. मात्र खोटी समजूत पसरविणारें चित्र देवळांत नसावें, असा त्याचा मथितार्थ होता. चित्र हवें, पण तें खोटें नको, या दोन अटींच्या मध्यें पुढील शंभर-दीडशें वर्षांच्या धार्मिक चित्रकारांस वाट काढावी लागली.

तरुणपणीं चित्रकलेचें शिक्षण घेऊन पोत्सो मिलान येथें आला, आणि २५ डिसेंबर १६६५ रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो जेझुइट संघांत दाखल झाला. संघांत पाद्री व बंधु असे दोन वर्ग असत. पाद्री विद्या शिकवीत व संस्कार करीत. बंधु स्वयंपाक, शिवणकाम, सुतारकाम, बांधकाम अशीं कामें पाहत. पोत्सो मरेपर्यंत बंधूच राहिला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन हीं तिन्ही व्रतें त्याच्यावर होतीं. अर्थात् आपल्या चित्रांचा मोबदला स्वतःच्या थैलींत टाकण्याचा त्यास अधिकार नव्हता, आणि कोठें जावयाचें व काय रंगवावयाचें हें वरिष्ठांनीं ठरवावयाचें होतें. पुढें सम्राटानें ज्यास मुद्दाम बोलावून घेतलें, त्या कलावंताची संघांतील पायरी आचाऱ्याच्या व सुताराच्या बरोबरीची होती, ही गोष्ट त्याच्या कलेचा विचार करतांना विसरतां येत नाहीं.

पीदमाँत प्रांतांतील मोंदोवी येथील संत फ्रान्सिस झेविअरच्या चर्चांत केलेल्या कामानें त्याचें नांव झालें. १६८१ मध्यें संघाचा मुख्य जनरल जोव्हान्नी पाओलो ओलिव्हा यानें त्यास रोमला बोलाविलें. पण त्याच वर्षीं ओलिव्हा मरण पावला. रोममध्यें प्रथम त्याच्याकडे जेझू चर्चला लागून असलेल्या मठांतील एक लहानसा रस्ता रंगविण्याचें काम आलें. संघाचा संस्थापक इग्नेशस लॉयोला ज्या खोल्यांत राहिला व १५५६ मध्यें वारला, त्यांच्याकडे हा रस्ता जातो. येथें जमिनीवरील एका ठराविक जागीं उभें राहिलें म्हणजे भिंती लांबच लांब व छत भरदार दिसूं लागतें. पुढें चार पावलें टाकलीं कीं तींच चित्रें ताणलेलीं व वेडींवांकडीं होतात. पोत्सोच्या पुढील सर्व कृतींचें बीज येथें आहे.

यापुढील वीस वर्षांत त्यानें रोममध्यें दोन प्रचंड वेदी उभारल्या, उत्सवांसाठीं रंगीत देखावे रचिले, संत इग्नेशसच्या चर्चचें छत रंगविलें, आणि यथादर्शनावरील आपला ग्रंथ दोन भागांत, १६९३ व १७०० मध्यें, लॅटिन व इटालियन या दोन भाषांत प्रसिद्ध केला. १७०२ च्या सुमारास सम्राट पहिला लिओपोल्ड याच्या बोलावण्यावरून तो व्हिएन्नास गेला. तेथें त्यानें संघाच्या चर्चला नवें रूप दिलें, लिश्टनश्टाइन राजघराण्याच्या उद्यानवाड्याचें छत रंगविलें, आणि ३१ ऑगस्ट १७०९ रोजीं तेथेंच देह ठेविला.

३. छत व घुमट

रोममधील संत इग्नेशसच्या चर्चचें काम १६२६ मध्यें सुरू झालें. त्याचा आराखडा करणारा ओरात्सियो ग्रास्सी हा संघांतील गणिती होता. धूमकेतूंवरून गॅलिलिओशीं ज्याचा प्रसिद्ध वाद झाला तोच हा. चर्च १६५० मध्यें उपासनेसाठीं उघडलें, परंतु योजलेला घुमट बांधला गेला नाहीं. पैसा अपुरा पडला हें एक कारण देतात. शेजारच्या डॉमिनिकन मठाचा उजेड अडेल म्हणून विरोध झाला, असेंही सांगतात. कांहीं असो, घुमटाची जागा मोकळी राहिली. १६८५ मध्यें पोत्सोनें सुमारें सतरा मीटर व्यासाचा कापडी पट रंगवून तेथें आडवा बसविला, आणि आत्तांपर्यंत नसलेला घुमट त्या जागीं दिसूं लागला. पुढील काळांत या पटास इजा पोहोंचून त्याची दुरुस्ती करावी लागली, तथापि रचना पोत्सोचीच आहे.

ही रचना पाहून कांहीं वास्तुकारांनीं आक्षेप घेतला कीं, यांतील खांब भिंतींतून पुढें काढलेल्या दगडी आधारांवर उभे केले आहेत. खऱ्या इमारतींत असें कोणी करणार नाहीं. पोत्सोनें आपल्या ग्रंथांत या आक्षेपाचा उल्लेख करून मोठें मार्मिक उत्तर दिलें आहे. त्याचा भाव असा कीं, आधार मोडून खांब कोसळलेच तर होणारें सर्व नुकसान भरून देण्यास माझा एक चित्रकार मित्र तयार आहे. या विनोदांत एक सिद्धान्त दडलेला आहे, त्याकडे आम्ही पुढें वळूं.

मध्यदालनाच्या छताचें काम १६९४ मध्यें पुरें झालें. छत अर्धगोल कमानीचें आहे. चर्चच्या खऱ्या भिंती जेथें संपतात तेथूनच चित्रांतील भिंती, खांब व कमानी वर चढतात, आणि त्यांच्याही वर आकाश उघडें पडतें. त्या आकाशांत ख्रिस्त आहे. त्याच्यापासून निघालेला प्रकाशाचा किरण इग्नेशसच्या हृदयावर पडतो, व तेथून फुटून चार खंडांकडे जातो. युरोप, आशिया, आफ्रिका व अमेरिका यांच्या स्त्रीरूप मूर्ति चार बाजूंस बसविल्या आहेत. आशियाजवळ उंट आहे, आफ्रिकेजवळ मगर आहे, अमेरिकेच्या मस्तकीं पिसांचा तुरा आहे. आणि प्रत्येकीच्या खालीं मूर्तिपूजा, पाखंड इत्यादिकांचे दानव कोसळत आहेत. पृथ्वीवर अग्नि पेटविण्यासाठीं मी आलों, या अर्थाचें ख्रिस्ताचें वचन छताच्या दोन टोकांस लिहिलेलें असून इग्नेशसच्या नांवांतील 'अग्नि' या लॅटिन शब्दाच्या ध्वनीशीं त्याचा श्लेष जमविला आहे.

वांकलेल्या पृष्ठावर सरळ खांब काढणें हें सोपें काम नव्हे. सपाट कागदावर काढलेला आराखडा कमानीवर जसाच्या तसा उतरविला तर प्रत्येक सरळ रेषा वांकडी दिसेल. पोत्सोची युक्ति त्याच्या ग्रंथांत सचित्र दिली आहे. कमान जेथें सुरू होते त्या उंचीवर दालनाच्या आडव्याउभ्या दोऱ्या ताणून चौकटींचें जाळें करावयाचें. खालीं, प्रेक्षकाचा डोळा जेथें येईल त्या बिंदूवर दिवा धरावयाचा. जाळ्याची सावली कमानीवर पडते व तिच्या रेषा तेथें वांकतात. त्या वांकलेल्या रेषाच खऱ्या. दिव्याचा उजेड पुरा पडत नसेल तेथें त्याच बिंदूपासून दोरी ताणून खुणा करावयाच्या. मग लहान आराखड्यांतील एकेक चौकट त्या वांकड्या चौकटींत भरीत जावयाची. म्हणजे छतावर जें आहे तें सर्व वांकडें आहे, आणि तें वांकडें आहे म्हणूनच एका बिंदूवरून सरळ दिसतें. हा बिंदु दाखविण्यासाठीं दालनाच्या फरशींत एक गोल चकती बसविलेली आहे. घुमटासाठीं दुसरी आहे.

या शास्त्राचा प्रसार मोठा झाला. पोत्सोच्या पहिल्या भागाचें इंग्रजी भाषांतर १७०७ मध्यें लंडनमध्यें निघालें, व त्यास सेंट पॉलच्या मंदिराचा कर्ता क्रिस्टोफर रेन याची शिफारस लाभली. चीनमध्यें निएन शीयाव या अधिकाऱ्यानें जेझुइट बंधु कास्तील्योने याच्या साहाय्यानें १७२९ मध्यें दृष्टिशास्त्रावर जो ग्रंथ छापिला, त्याचा मोठा आधारही पोत्सोच आहे.

४. पूर्वपक्ष व त्याचा विचार

पोत्सोवरील आक्षेप तीन आहेत. पहिला असा कीं, ही फसवणूक आहे. दुसरा असा कीं, एका बिंदूवरून ठीक दिसणारें व इतर सर्व ठिकाणांहून ढासळणारें चित्र सदोष होय. तिसरा असा कीं, दारिद्र्याचें व्रत घेतलेल्या संघास हें वैभव शोभत नाहीं.

फसवणुकीच्या आक्षेपास आमच्याकडील एक जुना विचार उपयोगी पडतो. नाट्यशास्त्राच्या टीकाकारांपैकीं शंकुक यानें नट व राम यांच्या संबंधाचें स्पष्टीकरण करतांना चित्रतुरगन्याय सांगितला. चित्रांतील घोडा पाहून हा घोडा, असें आपण म्हणतों. हें ज्ञान खऱ्या घोड्याच्या ज्ञानासारखें यथार्थ नव्हे. शिंपींत रुपें पाहण्यासारखी ती भ्रांतिही नव्हे. हा घोडा कीं नव्हे, असा संशयही तेथें नसतो. आणि हें घोड्यासारखें आहे, एवढीच तुलना करून आपण थांबत नाहीं. या चारही प्रकारांहून निराळी अशी ती प्रतीति असते. अभिनवगुप्तानें आपल्या गुरूच्या आधारें शंकुकाच्या अनुकरणवादाचें खंडन केलें हें खरें. तथापि चित्राची प्रतीति भ्रांतीहून वेगळी, एवढा भाग आम्हांस अद्यापि निर्दोष वाटतो.

भ्रांतीचें उदाहरण पाहिजे असल्यास सभापर्वांतील मयसभा घ्यावी. तेथें दुर्योधनानें स्थळास जळ व जळास स्थळ मानलें, वस्त्रें भिजविलीं, आणि पांडव त्यास हंसले. मयानें कोठें उभें राहावयाचें हें दुर्योधनास सांगितलें नव्हतें. न सांगण्यांतच त्या सभेचें कौशल्य होतें, आणि त्या हंसण्याचा परिणाम सर्वांस ठाऊक आहे. पोत्सोनें याच्या नेमकें उलट केलें. आभास जेथें सिद्ध होतो ती जागा दाखविली जाते, आणि ती सोडतांच आभास मोडतो. प्रेक्षक चकतीवरून निघतो, खांब कलूं लागतात, आणि आपण काय पाहत होतों हें त्यास आपोआप कळतें. ज्या चित्रांत त्याचा उलगडा करण्याचें साधन चित्रकारानेंच प्रेक्षकाच्या पायांखालीं ठेविलें आहे, त्यास फसवणूक म्हणणें न्याय्य नाहीं. खांब पडल्यास भरपाई देऊं, या पोत्सोच्या विनोदाचा अर्थही हाच. हें चित्र आहे, हें तो विसरला नव्हता. आपणही विसरूं नये अशी त्याची अपेक्षा होती.

येथेंच दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर येतें. एकाऐवजीं अनेक बिंदु कां घेतले नाहींत, असें त्याच्या हयातींतच विचारण्यांत आलें. त्याचें म्हणणें असें कीं, यथादर्शन हें सत्याचें अनुकरण असल्यामुळें तें सर्व बाजूंनीं खरें दिसलें पाहिजे असें बंधन चित्रकारावर नाहीं. एका निश्चित बिंदूवरून दिसलें म्हणजे पुरे. अनेक बिंदु घेतल्यास कोणत्याच ठिकाणाहून संपूर्ण चित्र सरळ दिसणार नाहीं. शास्त्रदृष्ट्या हें उत्तर बिनतोड आहे. ग्रंथाच्या आरंभीं तो यास धार्मिक अर्थही देतो: सर्व रेषा ज्या खऱ्या बिंदूकडे न्यावयाच्या तो बिंदु म्हणजे ईश्वराचा महिमा. पोत्सोचें व्रत व पोत्सोचें शास्त्र हीं दोन निराळीं नाहींत, हें या ठिकाणीं उघड होतें. सर्व आयुष्य एका आज्ञेच्या रोखानें नेणाऱ्या बंधूनें सर्व रेषा एका बिंदूकडे न्याव्या, यांत सुसंगति आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस अधिक वजनदार वाटतो. जेझू चर्चांतील इग्नेशसची वेदी, जी पोत्सोच्या योजनेनें १६९५ ते १६९९ या काळांत झाली, तिच्या खांबांवर लाजवर्दी दगडाचा थर आहे, आणि तिच्यांतील संताची मूर्ति चांदीची होती. शंभरांहून अधिक कारागीर त्या कामावर होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंचांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत, ती चांदी वितळविली गेली, आणि आज तेथें बहुतांशीं गिलाव्याची मूर्ति आहे. याच वेदीवर पोत्सोनें काढलेलें चित्र मूर्तीपुढें पडद्यासारखें असून तें यंत्रानें खालीं उतरवितां येतें. घुमटाच्या बाबतींत मात्र त्याची कला वैभवाची नसून काटकसरीची होती. दगडी घुमटाचें काम त्यानें कापड व रंग यांवर भागविलें. बरोक म्हणजे उधळपट्टी, असें सरसकट विधान करणारांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

५. बिंदूबाहेरून

आतांपर्यंत आम्ही पोत्सोच्या बाजूनें लिहिलें. परंतु टीकाकाराचें काम येथें संपत नाहीं. आम्हांस हें छत छायाचित्रांतूनच ठाऊक आहे, आणि बहुतेक वाचकांसही तसेंच असेल. हीं छायाचित्रें बहुधा त्या चकतीवर उभें राहूनच घेतलेलीं असतात. त्यामुळें खांब कलतात हें पुस्तकांत दिसत नाहीं. रोममध्यें प्रत्यक्ष उभ्या असलेल्या मनुष्यास जें स्वातंत्र्य आहे, तें पुस्तकाच्या वाचकास नाहीं. म्हणून त्यानें बुद्धीनें तरी त्या जागेवरून हललें पाहिजे.

हललें म्हणजे काय दिसतें? १६९४ च्या त्या छतावर आशिया उंटासह बसली आहे, व तिच्या खालीं मूर्तिपूजेचा दानव कोसळत आहे. त्या बिंदूवरून पाहतां हें प्रकाशाचें चित्र आहे. परंतु त्या दानवाच्या जागीं ज्यांचीं दैवतें होतीं, ते त्या चकतीवर कधीं उभेच नव्हते. साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडलीं गेलीं. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट मारले गेले, आणि त्याच्या सूडादाखल तेथील गांवकर प्रमुखांस पोर्तुगीजांनीं असोळण्याच्या किल्ल्यांत ठार केलें. गोव्याचें इन्क्विझिशन १५६० पासून, मध्यंतरींचा थोडा काळ सोडतां, १८१२ पर्यंत चालू होतें. या सर्व गोष्टींस छतावर एकच रूप आहे, तें म्हणजे पडणारा दानव. छत ज्या काळीं रंगविलें त्या काळीं संघाच्या विस्तारास सीमा नाहीं असें वाटत होतें. पण १७५९ मध्यें पोर्तुगालनें त्यास आपल्या मुलखांतून घालविलें व १७७३ मध्यें पोपनें तो बरखास्त केला. १८१४ मध्यें तो पुनः स्थापन झाला खरा, परंतु छतावरचें तें निःशंक आकाश त्यास परत मिळालें नाहीं.

याचा अर्थ त्या संघांत दुसरी दृष्टि नव्हती असा नव्हे. पोत्सोच्या जन्मापूर्वीं याच संघाचा पाद्री थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्यें गोव्यास आला. येथें त्यानें मराठी आत्मसात् केली, आणि ख्रिस्ताचें चरित्र मराठी ओवींत गुंफिलें. तें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. लिपि रोमन, परंतु भाषा, छंद व पुराण हें नांवसुद्धां येथील श्रोत्यांचें. स्टीफन्सचाही हेतु धर्मप्रसाराचाच होता, त्याविषयीं भ्रम नको. त्याच्या श्रोत्यांचीं देवळेंही त्याच्या आगमनापूर्वींच गेलीं होतीं. तथापि त्यानें एक गोष्ट निराळी केली. पोत्सोनें बिंदु रोममध्यें आपल्या संघाच्या पायांखालीं निश्चित केला व जगास तेथें बोलाविलें. स्टीफन्सनें तो बिंदु उचलून साष्टींतील ओसरीवर नेला. म्हणूनच मराठी वाचक ख्रिस्तपुराणास आपल्या वाङ्मयाचा भाग मानतो, आणि पोत्सोच्या छताकडे त्यास परक्याप्रमाणें पाहावें लागतें. शास्त्रानें पोत्सो मोठा आहे. परंतु श्रोत्यास ओळखण्यांत स्टीफन्स त्याच्या पुढें गेला.

आमच्याकडील चित्रपरंपरेशीं तुलना करतां हाच भेद दिसतो. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत शरीर वळलें असतां अवयवांची क्षयवृद्धि कशी दाखवावी याचा विचार आहे. परंतु प्रेक्षकास एका जागीं खिळविण्याचा नियम त्यांत नाहीं. अजिंठ्याच्या भिंती चालत चालत पाहावयाच्या आहेत. यावरून एक रीति श्रेष्ठ व दुसरी कनिष्ठ असें ठरत नाहीं. एकींत पाहणारा चालतो व कथा उलगडते. दुसरींत पाहणारा थांबतो व सर्व कथा एकदम डोळ्यांवर येते.

शेवटीं आपल्या संशोधकांस एक सूचना करावीशी वाटते. जुन्या गोव्यांत बाँ जेझूच्या मुख्य वेदीवर इग्नेशसची मोठी मूर्ति वर झळकणाऱ्या येशूच्या नामचिन्हाकडे पाहत उभी आहे. त्याच चर्चांत १६९८ मध्यें उभारलेली झेविअरची समाधि फ्लॉरेन्सचा शिल्पी फोज्जीनी याच्या हातची, म्हणजे पोत्सो रोममध्यें वेदी उभारीत होता त्याच वर्षांतील आहे. अशा कृतींची मोजणी होते, सनावळी लागते, दात्याचें नांव लिहिलें जातें. त्यांबरोबर प्रत्येक वेदी व प्रत्येक छत कोणत्या जागेवरून पाहण्यासाठीं रचिलें, त्या जागीं त्या काळीं कोण उभें राहत असे, आणि कोणास तेथें प्रवेश नव्हता, हीही नोंद व्हावी. दप्तरांतील कागदांच्या जोडीस ही माहिती आल्यास गोव्यांतील ख्रिस्ती कलेचा इतिहास एकांगी राहणार नाहीं.